मिरजेचा तंबोरा आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा : वाद्याच्या प्रतिकृतीचे मोल

प्रस्तावना

मंठा हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होय. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत हा प्रदेश परभणी जिल्ह्यात मोडत असे आणि १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी तो निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. अशा गावातील एखादे महाविद्यालय, शाळा वा भजनी मंडळ गायनाच्या साथीसाठी आधारस्वराचे वाद्य घेण्याचे ठरविते, तेव्हा त्याच्यासमोर साधारणतः दोन पर्याय असतात. एक, चारशे किलोमीटरांहून अधिक अंतरावरील मिरजेत तयार होणारा भोपळ्याचा तंबोरा. आणि दुसरा, जाड ग्रंथाएवढ्या आकाराचा, विजेवर चालणारा इलेक्ट्रॉनिक तानपुरा. पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या कित्येक पट असते. त्यामुळे हा प्रश्न बहुधा दरपत्रकांच्या तुलनेने निकालात निघतो व खरेदी समितीच्या इतिवृत्तात दोन ओळींत संपतो.

जुन्या वाद्याची आटोपशीर, स्वस्त आणि आधुनिक प्रतिकृती घ्यावी की नाही, हा प्रश्न मात्र दरपत्रकाने सुटणारा नाही. तो महाराष्ट्राच्या संगीतजीवनात किमान दीडशे वर्षे वेगवेगळ्या रूपांत उपस्थित होत आला आहे. प्रतिकृतीचा आवाज मुळाशी किती जुळतो, एवढ्याच निकषावर त्याचे उत्तर शोधण्याची सवय आपल्याला जडली आहे. मूळ वाद्य वाजविणाऱ्याकडून जी कृती करवून घेत होते, ती कृती प्रतिकृतीत शिल्लक राहते की गळून पडते, हा निकष अधिक महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात तंबोऱ्याच्या संदर्भात या निकषाचा विचार केला आहे.

मिरजेतील वाद्यनिर्मिती

मिरज हे पटवर्धनांचे संस्थान. येथील वाद्यनिर्मितीची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे नेली जाते. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब हे या परंपरेचे आद्य कारागीर मानले जातात. शस्त्रांची मागणी ओसरू लागली असता दरबारी गवयांच्या वाद्यांच्या दुरुस्तीतून ते निर्मितीकडे वळले, असे परंपरा सांगते. पुढे ‘सतारमेकर’ हे या व्यवसायातील कुटुंबांचे आडनावच झाले. ब्रिटिश सत्तेखाली संस्थानांची लष्करी गरज संपली आणि हत्यारांवर चालणारे हात तारांवर चालू लागले. राजकीय इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत या स्थित्यंतराचा उल्लेख क्वचितच आढळतो.

तंबोऱ्याची घडण समजून घेतल्याशिवाय पुढील विवेचन स्पष्ट होणार नाही. त्याचा भोपळा प्रामुख्याने पंढरपूर परिसरातील भीमाकाठच्या शेतांतून येतो. हा कडू भोपळा खाण्यासाठी नव्हे, तर वाद्यासाठीच पिकविला जातो व वाळवून टणक केला जातो. त्यावर लाकडी तबली बसविली जाते, वर पोकळ दांडी जोडली जाते आणि दांडीच्या टोकाला चार खुंट्या असतात. तबलीवरील घोडीचा माथा सपाट न ठेवता किंचित उताराचा घासलेला असतो. त्यावरून जाणाऱ्या तारेखाली सुती वा रेशमी दोरा सरकविला की एका विशिष्ट जागी तारेचा नाद एकदम खुलतो. हीच जवारी. घोडीच्या खाली असलेल्या मण्यांनी तारेचा स्वर केसभर वरखाली करता येतो.

या नादाची शास्त्रीय मीमांसा चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात केली. तार ज्या बिंदूवर छेडली जाते, तेथे ज्या आंशिक स्वरांचे स्थिर बिंदू असतील ते स्वर ऐकू येऊ नयेत, असा पाश्चात्त्य भौतिकशास्त्रात प्रस्थापित नियम होता. तंबोऱ्याच्या व वीणेच्या उतरत्या घोडीमुळे हे स्वरही ठळकपणे उमटतात, असे रामन यांनी दाखविले. ज्या गोष्टीला कारागीर ‘जवारी खोलणे’ म्हणत आले होते, तिला यामुळे प्रयोगशाळेची साक्ष मिळाली.

मिरजेचे माहात्म्य केवळ कारागिरांमुळे वाढले नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेतच शिकले आणि १९३१ मध्ये त्यांचे देहावसानही येथेच झाले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ येथे स्थायिक झाले. १९३७ मध्ये प्रवासात त्यांचा मृत्यू झाल्यानंतर त्यांचे दफनही मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात करण्यात आले. सुरेलपणा हे ज्यांच्या गायकीचे पहिले लक्षण मानले जाते, त्या गायकाचे वास्तव्य आणि तंबोरे बनविणाऱ्यांची गल्ली एकाच गावात असणे हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. गायक कानाने मागणी करतो आणि कारागीर हाताने ती पुरवितो. अशा परस्परसंबंधातून वाद्य घडत जाते.

आधीची प्रतिकृती : हार्मोनियम

इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याविषयी आज जे आक्षेप घेतले जातात, ते जवळजवळ त्याच शब्दांत हार्मोनियमविषयी घेतले गेले होते. अलेक्झांडर देबें यांनी १८४२ मध्ये पॅरिस येथे पेटंट घेतलेले हे वाद्य मुळात चर्चमधील भव्य ऑर्गनची घरात मावणारी आवृत्ती होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी त्याला मांडी घालून बसून एका हाताने भाता चालविता येईल असे रूप दिले. म्हणजे भारतीय पेटी ही प्रतिकृतीची प्रतिकृती होय. मराठी संगीत नाटकांनी ऑर्गन आणि पेटी या दोहोंना रंगमंचापुढील खड्ड्यात मानाचे स्थान दिले. कीर्तन व भजन यांनी पेटीला गावोगावी पोहोचविले.

तिच्यातील समान अंतराच्या बारा स्वरांमध्ये आपल्या श्रुती बसत नाहीत, हा आक्षेप गंभीर होता. त्यावर उपाय शोधण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न मिरजेच्या शेजारी सांगलीतच झाला. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या मापनांना अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचे साहाय्य लाभले होते. सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या सहकार्याने श्रुतिहार्मोनियम तयार करवून घेण्यात आले. १९१६ च्या बडोदा येथील संगीत परिषदेत ते विद्वानांपुढे मांडले गेले, परंतु त्यावर एकमत होऊ शकले नाही. अधिक अचूक असलेली ही पेटी मागे पडली आणि सदोष मानली गेलेली साधी पेटी घरोघरी गेली. केवळ अचूकतेच्या बळावर वाद्य रुजत नाही, ही गोष्ट यातून ध्यानात घेण्यासारखी आहे.

आकाशवाणीने १९४० पासून हार्मोनियमला प्रक्षेपणातून वगळले आणि १९७१ मध्ये हे निर्बंध शिथिल होईपर्यंत तीन दशके ही स्थिती राहिली. या काळात पेटीचा प्रसार मात्र खुंटला नाही. उलट तिने मराठी संगीतव्यवहाराच्या भाषेतच घर केले. आजही गायकाची पट्टी ‘काळी एक’, ‘पांढरी दोन’ वा ‘काळी चार’ अशी सांगितली जाते. मिरजेत तंबोऱ्याची मागणी नोंदवितानादेखील हीच परिभाषा वापरतात. ज्या वाद्याच्या स्वरांना तंबोऱ्याच्या उपासकांनी बेसूर ठरविले, त्याच्याच पट्ट्यांची नावे घेऊन तंबोरा लावला जातो! प्रतिकृती कधी कधी मुळाला अशी भाषा पुरविते.

१९७९ : दोन यंत्रे

इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा जन्म बंगळूरचा. व्यवसायाने अभियंता व साधनेने बासरीवादक असलेले जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये तो तयार केला. त्याच वर्षी मद्रासच्या म्युझिक अकादमीच्या वार्षिक परिषदेत तो मांडला गेला, तेव्हा सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर आणि एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्यासारख्या श्रेष्ठ कलावंतांनी त्याचे स्वागत केले. चार तारा एकामागून एक छेडल्याचा भास, पट्टी व गती बदलण्याची सोय आणि पंचमाऐवजी मध्यम वा निषाद घेण्याची कळ हे त्याचे मुख्य घटक होत. आरंभीच्या यंत्रांत मंडलांद्वारे स्वर घडविला जाई. पुढे प्रत्यक्ष तंबोऱ्याच्या ध्वनिमुद्रित नमुन्यांवर आधारलेली यंत्रे आली आणि २००८ नंतर स्मार्टफोनवरील उपयोजनांनी पेटीची गरजही पुष्कळशी संपविली.

त्याच १९७९ साली जपानच्या रोलँड कंपनीने ‘व्हीपी-३३०’ नावाचे वाद्य बाजारात आणले. त्यात ‘व्होकोडर’ हे यंत्र कळफलकाशी जोडलेले होते. व्होकोडर मुळात संगीतासाठी निर्माण झालेला नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत होमर डडली यांनी १९२८ च्या सुमारास त्यावर काम सुरू केले, ते बोलणे कमी वहनक्षमतेच्या तारेवरून कसे पाठविता येईल या हेतूने. आवाज अनेक कंप्रता-पट्ट्यांत विभागावयाचा, प्रत्येक पट्टीतील जोर मोजावयाचा आणि दुसऱ्या टोकाला त्या मापांवरून तो पुन्हा घडवावयाचा, असे त्याचे तत्त्व. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, मित्रराष्ट्रांच्या गुप्त दूरध्वनी संभाषणासाठी याच तत्त्वावरील सुमारे पन्नास टन वजनाची यंत्रणा वापरली गेली. बोलण्याची ही मापे माणसाच्या कंठाऐवजी वाद्याच्या स्वरावर आरोपित केली तर वाद्यच बोलू लागते, ही गोष्ट पुढे संगीतकारांनी हेरली. व्हीपी-३३० वर वादक ध्वनिग्राहकात बोले किंवा गाई आणि कळा दाबी; त्यातून यांत्रिक वृंदगानासारखा परिणाम साधे.

हे वाद्य दुर्मीळ झाल्यावर २०१६ मध्ये रोलँडने ‘व्हीपी-०३’ ही हातात मावणारी प्रतिकृती काढली. मूळ मंडलांचे वर्तन तिच्यात संगणकीय गणिताने घडविले आहे. पूर्ण कळफलक स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. २०१९ मध्ये बेहरिंगर कंपनीने त्याच मूळ वाद्यावर आधारित, परंतु मोठ्या आकाराचे व प्रत्यक्ष मंडलांचे ‘व्हीसी-३४०’ आणले. यांपैकी कोणते घ्यावे, छोटे रूप पैशाच्या मोलाचे आहे का, यावर पाश्चात्त्य वादकांत बरीच चर्चा होत असते. तंबोऱ्याच्या दृष्टीने या उदाहरणातील एक गोष्ट उद्बोधक आहे. जुने असो वा नवे, व्होकोडरच्या वादकाला करावी लागणारी कृती तीच राहते. बोलावे लागते, शब्दोच्चार स्पष्ट ठेवावे लागतात, त्याच क्षणी कळा दाबाव्या लागतात. प्रतिकृतीत नादाच्या काही छटा उणावतील, कळा लहान असतील. पण शिकण्याजोगे जे कौशल्य आहे ते अबाधित राहते. म्हणून तेथे छोट्या प्रतिकृतीची खरेदी सहज समर्थनीय ठरते.

तंबोऱ्याच्या बाबतीत नेमके याच्या उलट घडते. यंत्राने नाद बऱ्यापैकी राखला आणि कृती काढून टाकली.

जुळविण्याची विद्या

तंबोरा वाजविणे सोपे, जुळविणे कठीण, हे संगीतशिक्षकांचे नित्याचे सांगणे आहे. मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, एका स्वरात मिळविताना आरंभी त्यांच्यात एक डोल ऐकू येतो. खुंटी आवळत जावी तसा तो मंद होत जातो आणि एका क्षणी नाहीसा होतो. तो नाहीसा झाल्याचे ज्याला ऐकू आले, त्याला षड्ज सापडला. नंतर पंचम, नंतर खर्ज. खर्जाची तार नीट लागली आणि जवारी उघडली की कोणीही न छेडलेला गंधार वरच्या सप्तकातून आपोआप ऐकू येतो. हा खर्जाचा पाचवा आंशिक स्वर होय. त्याला ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात. पेटीवरील गंधारापेक्षा तो किंचित उतरता असतो आणि हा फरक एकदा ऐकलेल्या विद्यार्थ्याला श्रुतीविषयीची बरीच चर्चा वर्गात समजावून द्यावी लागत नाही.

मालकंसात पंचम वर्ज्य असल्याने पहिली तार मध्यमावर आणावी लागते. मारव्यासारख्या रागात ती निषादावर नेतात. यंत्रावर हे काम कळ फिरवून क्षणात होते. तंबोऱ्यावर खुंटी ढिली करून स्वर पुन्हा शोधावा लागतो आणि एक तार हलली की इतरांचाही मेळ तपासावा लागतो. या पाच-दहा मिनिटांच्या खटाटोपातच रागाचा पाया कानात रुजतो. यंत्राने वाचविला तो वेळ हाच होता.

याखेरीज दोन बाबी नोंदविणे आवश्यक आहे. एक, मांडीजवळ उभा धरलेला तंबोरा गायकाच्या आवाजाला प्रतिसाद देतो. स्वर नेमका लागला तर तारा सहकंपाने अधिक घुमतात आणि चुकला तर तसे होत नाही. यंत्र गायकाचे ऐकत नाही, ते केवळ ऐकविते. दोन, मैफलीत गुरूच्या मागे तंबोऱ्यावर बसणे ही शिष्याची जागा होती. तेथे बसून त्याने गुरूचे गाणे श्रोत्यांपेक्षा जवळून ऐकले, प्रसंगी एखादी जागा भरली आणि मंचाची भीती घालविली. पुण्यात १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मोठ्या मंचांवर ही जागा आजही टिकून आहे, जरी अनेकदा जोडीला यंत्र ठेवलेले असते. लहान गावांतील कार्यक्रमांतून मात्र ती झपाट्याने नाहीशी झाली. तंबोरा गेला याहीपेक्षा ती बैठक गेली, हे नुकसान मोठे आहे. आणि त्याची नोंद कोणत्याही साठा-नोंदवहीत होत नाही.

तालुक्याच्या गावातील परिस्थिती

वरील विवेचनावरून इलेक्ट्रॉनिक तानपुरा त्याज्य ठरतो असे मात्र नव्हे. मिरज, कोल्हापूर वा पुणे येथील स्थितीवरून मराठवाड्यातील तालुक्याच्या गावाला न्याय लावणे अनैतिहासिक ठरेल. जालना जिल्ह्यातीलच जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. भजन-कीर्तनाची परंपरा या प्रदेशात दीर्घकाळ जिवंत आहे आणि वारकरी कीर्तनात विणेकऱ्याची वीणा आधारस्वराचे काम करीत आली आहे. परंतु भोपळ्याचा तंबोरा बाळगणारे, त्याची निगा राखणारे आणि त्याच्या कारागिरांना आश्रय देणारे दरबार येथे जवळपास नव्हते. सत्तेचे केंद्र दूर हैदराबादला होते. गंधर्व महाविद्यालयाच्या परंपरेतील परीक्षापद्धतीमुळे शास्त्रीय गायनाचे शिक्षण लहान गावांपर्यंत पोहोचले, पण परीक्षेचा अभ्यासक्रम टपालाने येऊ शकतो, तंबोरा येऊ शकत नाही. अशा ठिकाणी यंत्राने तंबोऱ्याला हुसकावून लावले असे म्हणण्यापेक्षा, जेथे तंबोरा नव्हताच तेथे ते आले, असे म्हणणे सत्याला धरून होईल. पेटीचा एक सूर दाबून त्यावर रियाज करणाऱ्या विद्यार्थिनीला त्याने प्रथमच चार तारांच्या नादाचा अनुभव दिला. वसतिगृहाच्या खोलीत, एस.टी.च्या वेळा सांभाळून मिळणाऱ्या अर्ध्या तासात, दुसऱ्या कोणाला तंबोऱ्यावर न बसविता ती गाऊ शकली, हे श्रेय लहान नाही.

हवामानही विचारात घेतले पाहिजे. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, खुंट्या सरकतात, भोपळ्याला तडा जाण्याचे भय असते. पावसाळ्यात जवारी बसते. जवारी काढणारा कारागीर जवळ नसेल तर उत्तम तंबोराही दोन-तीन वर्षांत मुका होतो आणि कपाटावर चढतो. सभागृहातील काचेच्या कपाटात हार घालून ठेवलेल्या तंबोऱ्यापेक्षा वाजत असलेले यंत्र बरे, असे म्हणावे लागते. दुसरीकडे यंत्र विजेवर अवलंबून आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने सोसलेल्या दीर्घ भारनियमनात सेलवर चालणारी यंत्रेच उपयोगी पडली असती. यंत्र बिघडले तर ते बहुधा दुरुस्त होत नाही, बदलावे लागते. तंबोऱ्याची तार, घोडी वा खुंटी पिढ्यान्‌पिढ्या बदलता येते.

या दोन टोकांमध्ये तिसरा पर्याय मिरजेच्या कारागिरांनीच काढला आहे, परंतु खरेदी समित्यांच्या तो फारसा ध्यानात येत नाही. भोपळ्याऐवजी चपटी लाकडी पेटी असलेला, खऱ्या तारांचा, खऱ्या जवारीचा प्रवासी तानपुरा तेथे बनविला जातो. तो आकाराने लहान, नेण्यास सुलभ आणि भोपळ्याच्या नाजूकपणापासून मुक्त आहे. त्याचा घुमारा भोपळ्याच्या तंबोऱ्याइतका भरदार नसतो. चोखंदळ गायकाला तो मैफलीसाठी पुरेसा वाटणार नाही. पण त्याची खुंटी पिळावी लागते, मणी सरकवावा लागतो, दोरा शोधावा लागतो. व्होकोडरच्या उदाहरणात जी गोष्ट छोट्या प्रतिकृतीतही टिकली, ती तंबोऱ्याच्या बाबतीत या प्रतिकृतीत टिकली आहे.

यास्तव मंठ्यासारख्या ठिकाणच्या संगीत विभागाने विद्यार्थ्यांच्या दैनंदिन रियाजासाठी इलेक्ट्रॉनिक तानपुरा जरूर घ्यावा. फोनवरील उपयोजन असल्यास त्यावरील खर्चही वाचविता येईल. वाचलेली रक्कम मात्र एका चपट्या प्रवासी तानपुऱ्यासाठी राखून ठेवावी आणि वेळापत्रकात आठवड्यातून एक तासिका केवळ जुळविण्यासाठी द्यावी. त्या तासिकेत गाणे होणार नाही, हे प्राचार्यांना आधी सांगून ठेवलेले बरे. यंत्र आणि तारा यांची पट्टी एकच ठेवून विद्यार्थ्यांना दोन्हींचा गंधार आळीपाळीने ऐकविता येईल. वर्गातील हे साधे प्रात्यक्षिक दोन्ही साधने असल्याशिवाय होऊ शकत नाही.

मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या मानांकनाने नावाचे संरक्षण होते, मागणी निर्माण होत नाही. घोडी घासून जवारी काढण्याचे काम शिकण्यास वर्षे लागतात आणि या कुटुंबांतील तरुण तेवढी वर्षे द्यावयास तयार होतील की नाही, हे बव्हंशी मिरजेबाहेरून येणाऱ्या कामावर अवलंबून आहे. चपट्या तानपुऱ्याचीही जवारी काढावीच लागते. तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाने खरेदीच्या आदेशातच दर दोन वर्षांनी जवारी काढून देण्याची अट घातली आणि त्यासाठी अंदाजपत्रकात किरकोळ तरतूद केली, तर वाद्य वाजते राहील आणि मिरजेच्या गल्लीत एका कारागिराचे काही दिवसांचे काम निश्चित होईल.